इंग्रजीत ‘का’ नसतो

सिंदी (रेल्वे),
८ जानेवारी

प्रिय मीरा,

तुले फोनवर आता ऐकू येत नाई, असं तुहा साकेत मले स्टेशनवर भेटला तवा सांगत होता. मोबाईलवर लिहून पाठवावं, तर माह्याजवळ बटनाचं डबडं आहे. मोठा मोबाईल आमच्या ह्यांचा, अन् तो दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर पडून राह्यते. त्याच्यावर आलेलं पहिले गिऱ्हाइकं वाचतेत, मंग मी. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यावर तुले पत्र लिहायची ही पहिलीच खेप असन.

काम असं आहे. माही सून कयल इथं राह्यले आली आहे. आमच्या स्वप्निलनं मागच्या वर्षी बंगलोरले त्याच्याच हापिसातल्या पोरीशी लग्न केलं, कोइम्बतूरकडची. लग्नात पाहिली तेवढीच. आता कंपनीनं त्याले चार महिन्यांसाठी जर्मनीले धाडलं, अन् इकडं ही गाडीवरून पडली, पायाचा घोटा मोडला. खोली चौथ्या माळ्यावर, लिफ्ट बंद. पोरीले माय नाई, लहानपणीच गेली. मंग आमी दोघं जाऊन तिले घेऊन आलो. पायाले पलस्तर आहे. मांडीवर ल्यापटॉप घेऊन इथूनच काम करते.

तिले मराठी येत नाई, हिंदी बी नाईच म्हण. मले तमिळ येत नाई. आमचे हे तिच्याशी हिंदीत बोलतेत, अन् तिले नाई समजलं की तेच वाक्य अजून जोरानं बोलतेत. जोरानं बोल्ल्यावर हिंदीची तमिळ होते काय? मोबाईलमंधी बोललं की तो तमिळ करून देते म्हणे. मी त्याले ‘जेवून घेजो माय’ म्हटलं. त्यानं काय सांगतलं कोणास ठाऊक, पोरगी हसून हसून आडवी झाली. राह्यली इंग्रजी. माह्यी इंग्रजी तुले माहीत आहे. वर्गात सर आपल्याले जे म्हणत, तेवढं डोक्यात राह्यलं. सिट. स्टँड. कम. गो. डोन्ट टॉक. तेच मी तिले दिवसभर म्हणते. सकाळी ‘ड्रिंक’, दुपारी ‘ईट’, उठाले पाहिलं की ‘डोन्ट वॉक’. ती ऐकते बापडी. पण मले माह्यीच लाज वाटते. मी सासू आहे का पीटीचा मास्तर?

तू एवढी वर्षं इंग्रजी शिकवली. मले चार सुधी वाक्यं शिकव. पुस्तक नको धाडू, कामाचं तेवढं लिहिजो. ह्यांना सांगतलं नाई, ते हसतीन.

तुही
सुलोचना


वर्धा,
१२ जानेवारी

प्रिय सुलू,

पोस्टमननं पाकीट हातात दिलं आणि मला वाटलं, विजेचं बिल. मग तुझं नाव दिसलं. निवृत्त झाल्यापासून मला कोणी इंग्रजी विचारलं नव्हतं. दुपारची झोप सोडून उत्तराला बसले आहे.

तुझी अडचण सोपी आहे. तुझ्याजवळ सगळी वाक्यं एकाच जातीची आहेत, आज्ञार्थी. इंग्रजीत वाक्य क्रियापदानं सुरू झालं की बहुधा ती आज्ञाच समजायची. आपल्याकडे ‘बस’ आहे, ‘बसा’ आहे, तुझ्या तोंडी तर ‘बसजो’ आहे, त्यात माया आपोआप येते. इंग्रजीत नुसतं ‘सिट’. कुत्र्यालाही तेच आणि कलेक्टरलाही तेच. मान आणि माया वरून लावावी लागते, भाजीवर कोथिंबीर टाकतो तशी. तेव्हा दर आज्ञेला ‘प्लीज’ लाव. ‘प्लीज ईट.’ ‘प्लीज सिट.’

दुसरी जात विधानाची. काय झालं, काय आहे, ते सरळ सांगायचं. त्यात आधी कोण ते, आणि त्याला चिकटून लगेच क्रियापद. आपण म्हणतो, ‘मी पिठलं केलं.’ तिथं म्हणायचं, ‘आय मेड पिठलं.’ पिठल्याला इंग्रजी शोधत बसू नकोस, ते तिच्या ताटात दिसतंच आहे. रोज तिला अशी दोन-तीन विधानं सांग. दुकानात काय आलं, शेजारी काय झालं. विधान ऐकल्यावर माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, आणि तरी बोलणं होतं.

प्रश्न मात्र जरा किचकट असतात. ते पुढे कधी तरी. आधी हे दोन पक्के होऊ देत.

एक सांगू? ती पोरगी तुला घाबरत असणार. परका गाव, मोडलेला पाय, आणि सकाळपासून हुकूम. वर्गात शिक्षिकेनं पट्टी टेबलावर आपटल्यावर मुलं जशी ऐकतात, तसं ते ऐकणं. प्लीज विसरू नकोस.

माझं बरं चाललं आहे. साकेत रोज नागपूरला गाडीनं ये-जा करतो, सूनबाई वल्लरी घरीच शिकवण्या घेते. मला आता समोरच्याचे ओठ थोडेफार वाचता येतात. यंत्र कानात घातलं की भांडी घासल्यासारखा आवाज येतो, म्हणून ते डबीत ठेवलं आहे.

तुझी
मीरा


सिंदी (रेल्वे),
२० जानेवारी

प्रिय मीरा,

तुहं पत्र मी तुरीच्या पोत्यामागं उभी राहून वाचलं. ह्यांनी विचारलं, कोणाचं? म्हटलं, मीराचं, तब्येतीचं लिहिलं आहे.

प्लीज सुरू केलं. पहिल्या दिवशी ‘प्लीज ईट’ म्हटलं तर कयलनं भाकरीचा घास हातातच ठेवला अन् माह्याकडं पाह्यत बसली. मले वाटलं, उच्चार चुकला. दुसऱ्या दिवशी अजून गोड बोल्ली. तर ती उलटी अवघडून बसली, पाण्याचा गिलास बी स्वतःच घ्याले निघाली. तरी मी सोडलं नाई.

विधानं मात्र जमली, बरं का. ‘आय मेड पिठलं. आय मेड भाकरी. आनंदाबाई कम, आनंदाबाई टॉक, आनंदाबाई गो.’ आनंदाबाई आमच्या शेजारची, दिवसातून चारदा येते, तिच्यावरच माही अर्धी इंग्रजी चालते. कयल हसते अन् ते वाक्य सुधारून सांगते.

दुपारी तिचं काम नसलं की ती दुकानात गल्ल्याजवळ बसते, पाय स्टुलावर ठेवून. आमच्या ह्यांनीच खुर्ची मांडून दिली. गिऱ्हाईक येते, ‘खोबरं आहे का?’ ‘साबण आहे का?’ म्हणते. ही फळीकडं पाहते अन् म्हणते, ‘आहे.’ नसलं तर ‘नाई.’ बस, एवढंच मराठी. पण लोकं मुद्दाम इचाराले येऊन राह्यले.

काल मी लसणाची, मिरचीची फोडणी घातली. ती कुबड्या टेकत दारात आली अन् म्हणते, ‘व्हॉट अ स्मेल!’ व्हॉट म्हणजे काय, हे मले येते. मी जवाब देल्ला, ‘लसूण.’ ती पुन्हा म्हणाली, ‘व्हॉट अ स्मेल!’ मी म्हटलं, ‘लसूण अँड मिरची.’ मंग तिनं मान हलवली अन् गेली. माहं काई चुकलं काय?

तुही
सुलोचना


वर्धा,
२४ जानेवारी

प्रिय सुलू,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की वल्लरी शिकवणी सोडून बघायला आली. तिला कागद दाखवला, तीही हसली.

तो प्रश्न नव्हता गं! ‘व्हॉट’नं सुरू झालं तरी ‘व्हॉट अ स्मेल’ हा उद्गार. ‘काय वास सुटलाय!’ आपणही ‘काय’ म्हणतोच की. ‘काय पोरगी आहे!’ यावर कोणी उत्तर देतं का? उद्गाराला उत्तर नसतं, नुसतं हसायचं. आता तो वास तिला आवडला की नाकात गेला, हे मात्र वाक्यावरून कळत नाही. पुढच्या फोडणीला ती दारात येते की खिडकी उघडते ते बघ.

प्लीजचं तसंच चालू दे. सवय नसल्यानं ती बुजत असेल. प्रश्नांचं सविस्तर लिहायचं आहे, पण इकडे थंडीनं बोटं आखडली आहेत. पुढच्या पत्रात नक्की.

तुझी
मीरा


सिंदी (रेल्वे),
३ फेब्रुवारी

प्रिय मीरा,

प्रश्नांचं आता राहू दे. कयल येत्या शनिवारी जाऊन राह्यली.

मागच्या आठवड्यात तिचं पलस्तर निघालं. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर जपून चालाचं. रविवारी ती मागच्या ओसरीत फोनवर स्वप्निलशी बोलत होती. त्यांचं बोलणं इंग्रजीतच असते. मी तारेवरचे कपडे काढत होती. चोरून ऐकाचं मनात नोयतं, पण ती रडून राह्यलती, मंग पाय कसा निघन? तिनं दोनदा तेच म्हटलं, माह्या कानात अजून आहे. ‘कान्ट आय स्टे हिअर.’ मीरा, तुह्याच पत्रांनी मले आता शब्द समजाले लागले. आय म्हणजे मी. स्टे म्हणजे राह्यणं. कान्ट म्हणजे नाई शकत. मी इथं राहू नाई शकत.

मले तिचा राग नाई आला. परक्या घरी, परकं खाणं, कोणाशी बोलाले नाई, किती दिवस काढन? पण मनाले लागलं. मले वाटत होतं, पोरगी रमली. मी आपली येडी, तिच्यासाठी तांदूळ वाटून इडलीचा घोळ करत होती, तो बी नीट फुगला नाई.

मी ह्यांना सांगतलं. ह्यांनी स्वप्निलले फोन केला, तिचं तिकीट काढून दे म्हणून. स्वप्निल म्हणाला, मी बी तिले तेच म्हणून राह्यलो, आई-बाबाले किती दिवस तरास द्याचा, चित्तीकडं जाय. चित्ती म्हणजे तिची मावशी, कोइम्बतूरची. मंग तर काई शंकाच राह्यली नाई. शनिवारी नागपूरहून गाडी आहे.

तिले वाईट वाटू नये म्हणून मीच पहिले बोल्ली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हटलं, ‘गो होम. टेक रेस्ट.’ ती ‘ओके, अम्मा’ म्हणाली अन् तोंड भिंतीकडं केलं. तवापासून दुकानातबी येऊन बसली नाई. गिऱ्हाइकं विचारून राह्यले.

एवढं कर. जाताना तिच्याशी एक तरी चांगलं वाक्य बोलावं वाटते. ‘पुन्हा येजो’ इंग्रजीत कसं म्हणतेत, ते लिहून धाड. शनिवारच्या आत पोचलं पाह्यजे.

तुही
सुलोचना


वर्धा,
५ फेब्रुवारी, गुरुवार

सुलू,

हे पत्र साकेतच्या हाती देते आहे. उद्या सकाळी तो नेहमीची गाडी सोडून पॅसेंजरनं येईल आणि सिंदीला उतरून तुझ्या हातात देईल. मोबाईलवर पाठवलं असतं तर तुझ्या आधी सगळ्या बाजारानं वाचलं असतं.

‘पुन्हा येजो’चं इंग्रजी मी लिहिणार नाही. आधी हे वाच.

तू तिचे शब्द लिहिलेस, ‘कान्ट आय स्टे हिअर’. ‘कान्ट’ आधी आणि ‘आय’ नंतर. खरंच ती असंच म्हणाली असेल, तर त्याचा अर्थ ‘मी इथं राहू शकत नाही’ असा होत नाही. त्याला ‘आय कान्ट स्टे’ म्हणावं लागतं, आय आधी. ‘कान्ट आय स्टे हिअर?’ हा प्रश्न आहे. ‘मला इथं राहता येणार नाही का?’

आपल्या मराठीत शब्द मागेपुढे केले तरी बिघडत नाही. ‘मी राहू शकत नाही’, ‘राहू शकत नाही मी’, दोन्ही एकच. प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’ लावला की काम झालं. इंग्रजीत ‘का’ नसतो. तिथं शब्दांची जागाच बदलते. मदतीचं क्रियापद उठून कर्त्याच्या पुढे जाऊन बसतं, आणि तेवढ्यानं सांगणं जाऊन विचारणं होतं. हे मी तुला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं, किचकट आहे म्हणून टाळलं.

म्हणजे बघ, ती नवऱ्याला विचारत होती, मी इथंच राहू नको का? तो म्हणत होता, आई-बाबांना त्रास होतो. आणि वरून तू जाऊन सांगितलंस, ‘गो होम.’ तू मायेनं म्हणालीस हे मला माहीत आहे. पण इंग्रजीत ‘गो होम’ असं नुसतं म्हटलं की ते घालवून दिल्यासारखं ऐकू येतं.

आता नीट ऐक. मी वर्ध्यात बसून, तेही बहिरी, हे सांगते आहे. ऐकलंस तू. तुझ्या कानात शब्दांची जागा बदलली असेल तर माझं सगळं चूक. म्हणून माझ्यावर विसंबू नकोस, तुझ्या अर्थावरही नको. तिलाच विचार. वाक्य असं, ‘डू यू वॉन्ट टू स्टे?’ ‘डू’ पुढे, विसरू नकोस. विचारलंस की गप्प राहा. उत्तर यायच्या आधी तिला काही खायला देऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आणि ती नाही म्हणाली तर तिला सुखानं जाऊ दे. पण विचारल्याशिवाय गाडीत बसवू नकोस.

मीरा


सिंदी (रेल्वे),
८ फेब्रुवारी

प्रिय मीरा,

आज रविवार. कयल आत झोपली आहे. शनिवारची गाडी तिच्याशिवाय गेली.

सगळं पहिल्यापासून सांगते. शुक्रवारी साकेत दुकानात आला. ह्यांना वाटलं, तुह्यं काई बरंवाईट झालं. त्यानं हसून मान हलवली अन् पाकीट माह्याच हातात देल्लं. चहाले बी थांबला नाई, पुढची गाडी होती त्याची. मी तिथंच वाचलं. एकदा वाचलं तर समजलं नाई, पुन्हा वाचलं तवा समजलं. म्हटलं, अरे देवा, मी पोरीले हातानं घालवून देल्लं.

आत गेली. कयल पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग उघडी. मी समोर जाऊन उभी राह्यली. तुह्यं वाक्य मी बोळीतून जाता जाता घोकलं होतं. पण तिचं तोंड पाहिलं, डोळे सुजलेले, अन् वाक्य असं पळालं, मीरा, की काय सांगू. ‘डू यू’ एवढं निघालं. पुढचं आठवेच ना. मी पुन्हा म्हटलं, ‘डू यू...’ ती पाहून राह्यली. शेवटी मले जे आलं ते बोल्ली, ‘डू यू स्टे... का?’

घड्या घालणारा हात थांबला. ती म्हणाली, ‘का?’

गल्ल्यावर बसून बसून तो ‘का’ तिनं इतक्यांदा ऐकला होता, खोबरं आहे का, साबण आहे का. तिले बराबर समजलं की ही बाई मले काई तरी विचारून राह्यली. मी बी म्हटलं, ‘हो. का? स्टे का?’

अन् ती काय म्हणाली माहीत आहे? ‘आहे.’ जसं दुकानात म्हणते तसंच. ‘आहे, अम्मा. आहे.’ अन् माह्या कमरेले मिठी मारून जे रडाले लागली. मी बी रडली. आमचे हे पडद्याआडून आले अन् जोरानं हिंदीत विचाराले लागले, ‘क्या हुआ? पैर दुख रहा है क्या?’

मंग मी ह्यांना सगळं सांगतलं, तुह्या पत्रांचंबी. ते हसले नाईत. त्यांनी स्वप्निलले फोन लावला, तोंड दिसते तसा. कयल इंग्रजीत बोलत गेली, अन् तो आमाले मराठीत सांगत गेला. म्हणाला, ‘आई, ती मले म्हणते, मी तुले विचारून राह्यलती, राहू का म्हणून, अन् तू मले तरास-तरास करत बसला.’ मी म्हटलं, तुले बी समजलं नाई तर माह्यं काय!

पण मीरा, पुढचं ऐक. तू म्हणाली होती ना, पोरगी मले घाबरत असन. मी स्वप्निलकडून तेच विचारून घेतलं. तर ती डोळे पुसता पुसता हसाले लागली. त्यानं सांगतलं ते जसंच्या तसं लिहिते. ‘आई, तिची माय गेल्यावर ती चित्तीकडं वाढली. चित्तीनं चांगलं सांभाळलं, पण पाहुण्यासारखं. कधी कोणी तिले रागावलं नाई, जेव म्हणून मागं लागलं नाई. मंग होस्टेल. मंग आमची खोली. ती म्हणते, इथं आल्यावर पहिल्यांदा दिवसभर कोणी तरी मले ओरडते. ईट. सिट. डोन्ट वॉक. मले ते बरं वाटते.’

अन् तुह्या प्लीजनंच घोटाळा झाला! मी प्लीज म्हणाले लागली तवा तिले वाटलं, आता ह्या बाईले माहा कंटाळा आला, म्हणून परक्यासारखं बोलून राह्यली. म्हणून ती पाणी स्वतः घ्याले उठत होती. त्याच्यावर माह्यं ‘गो होम’. पोरगी जाईन नाई तर काय करन?

स्वप्निलनं तिथूनच तिकीट रद्द केलं. तो मार्चच्या शेवटी येते, तोवर कयल इथंच. चित्तीले तिनं स्वतः फोन करून सांगतलं. चित्ती माह्याशी बी बोल्ली, तमिळमंधी. मले एक अक्षर समजलं नाई, पण आवाज चांगला होता.

प्लीज मी बंद केलं आहे. काल सकाळी चहा दिला अन् दणकून म्हटलं, ‘ड्रिंक!’ तिनं कप घेतला अन् गटागटा पिऊन टाकला, जीभ पोळली तरी. दुपारी दुकानात जाऊन बसली. आनंदाबाईनं तिले विचारलं, ‘गेली नाई का?’ ती म्हणाली, ‘नाई.’ आनंदाबाई पूर्ण आळीत सांगून आली.

काल जेवल्यावर मी पलंगावर टेकली, ते एकदम चार वाजता जाग आली. किती दिवसांनी अशी झोप लागली. साकेतले सांगजो, त्याचे उपकार आहेत. अन् तुह्ये कसे मानू, ते मले कोणत्याच भाषेत येत नाई.

तुही
सुलोचना


वर्धा,
२३ फेब्रुवारी

प्रिय सुलू,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी घरात उगाच हसत फिरते आहे. प्लीजबद्दल तुझं म्हणणं मान्य. तीस वर्षं मुलांना सांगत आले की आज्ञेला प्लीज लावा, आणि कयलला नेमकी बिनप्लीजचीच आज्ञा हवी होती. तिला माझा आशीर्वाद सांग, आणि पाय जपायला सांग. कसं सांगायचं ते तुझं तू ठरव, मी आता त्यात पडत नाही.

काल मी गिरडला जाऊन आले. तुला खरं वाटणार नाही, गेल्या पावसाळ्यापासून मी उंबरठा ओलांडला नव्हता. शेख फरीदबाबांच्या टेकडीवर निम्म्यापर्यंत मी आपल्या पायांनी चढले. वर वारा असा होता की बहिरीलाही तो ऐकू आल्यासारखा वाटला. उन्हात बसून आम्ही शेंगदाण्याच्या पोळ्या खाल्ल्या.

हे कसं झालं ते सांगते. साकेत आणि वल्लरी रविवारी कुठे ना कुठे निघतात. निघताना वल्लरी माझ्या खोलीच्या दारात येते. मी तिचे ओठ वाचते. ती म्हणते, ‘तुम्ही येणार नाही.’ मी मान हलवते, नाही. मग ती जाते. मला वाटायचं, बरोबरच आहे, माझ्याशी बोलायचं तर दर वाक्य लिहून दाखवावं लागतं, सुट्टीच्या दिवशी कोण एवढं करील? सांगून तरी जातात, हे काय कमी आहे. वाईट वाटायचं, पण मी तसं दाखवलं नाही.

काल ती तशीच आली. ओठ हलले, ‘तुम्ही येणार नाही.’ माझी मान हलायला लागली आणि मध्येच थांबली. तुला एवढं मोठं व्याकरण लिहून पाठवलं, पण आपल्या मराठीत तरी दर प्रश्नाला ‘का’ कुठे लागतो, सुलू? ‘तुम्ही येणार नाही?’ नुसता आवाज शेवटी वर न्यायचा, झाला प्रश्न. शब्द तेच, जागा तीच. सगळा फरक आवाजात. आणि आवाज तर मला येतच नाही.

मी विचारलं, ‘वल्लरी, तू हे मला सांगते आहेस की विचारते आहेस?’

मोबाईल काढून तिनं लिहिलं आणि माझ्यापुढे धरला, ‘आई, मी दर रविवारी विचारतेच आहे. तुम्हीच नाही म्हणता.’

मी उठून चपला शोधायला लागले. त्या सापडेनात, कपाटाखाली गेल्या होत्या. वल्लरीनं वाकून काढल्या आणि मला धरून खाली नेलं. साकेत गाडीत बसलेला होता. मला पाहून त्यानं गाडी बंदच केली. वल्लरीनं पुढचं दार उघडलं, मला बसवलं, पट्टा लावला आणि आपण मागे जाऊन बसली.

मी साकेतला म्हटलं, ‘तिला मागे कशाला? मी बसते मागे.’

त्यानं हातानं थांब म्हणून खूण केली आणि मोबाईलवर लिहून दाखवलं, ‘दर रविवारी ती मागेच बसते. तू नाही म्हणालीस तरी, गाडी कोपऱ्यावरून वळली की मगच पुढे येते.’

तुझी
मीरा